लिनक्सची कमांड लाइन शिकताना

लिनक्सवर माउसने होणारी जवळपास सगळी कामे टर्मिनलच्या खिडकीत कमांड टाइप करूनही होतात. माउसने एकेक करत दिवस जाईल अशी कितीतरी कामे तिथे एका ओळीत उरकतात. उबंटू या लिनक्सच्या एका प्रकारात कंट्रोल, ऑल्ट आणि टी ही बटणे एकत्र दाबली की ही खिडकी उघडते. टाइप केलेली ओळ वाचून ती अमलात आणणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात. उबंटूतल्या शेलचे नाव बॅश. ब्रायन फॉक्स यांनी तो मुक्त सॉफ्टवेअर घडवणाऱ्या ग्नू प्रकल्पासाठी लिहिला आणि १९८९ मध्ये तो लोकांच्या हाती आला.

नवशिक्याला पहिल्यांदा खटकतात ती कमांडची तुटक नावे. त्यामागे इतिहास आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची उभारणी सुरू केली, तेव्हा संगणकाशी बोलायला टेलिटाइप होते. टाइपरायटरसारख्या या यंत्राची कळ जड असे आणि कागदावर सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे उमटत. त्यामुळे दोन-तीन अक्षरांत काम भागवणारी नावे सोयीची पडली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा युनिक्सचीच रीत समोर ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीच्या कित्येक कमांड म्हणूनच आजही चालतात, आणि एकदा घेतलेले कष्ट वाया जात नाहीत.

सुरुवात तीन कमांडने करावी. इथे नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली असली, तरी टाइप इंग्रजी अक्षरांत करायची. ‘पीडब्ल्यूडी’ आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते सांगते, ‘एलएस’ तिथे काय काय आहे ते दाखवते आणि ‘सीडी’ दुसऱ्या फोल्डरमध्ये नेते. ‘सीडी’पुढे जागा सोडून दोन टिंबे दिली की एक पायरी वर जाता येते. लिनक्स इंग्रजी लहान आणि मोठी लिपी वेगळी मानतो. सुरुवातीच्या बऱ्याच चुका इथेच होतात. टॅब दाबले की अर्धवट नाव शेल स्वतः पुरे करतो, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

फोल्डर बनवायला ‘एमकेडिर’, प्रत काढायला ‘सीपी’, हलवायला किंवा नाव बदलायला ‘एमव्ही’. ‘आरएम’ मात्र जपून. तिने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही आणि सहजी परत मिळत नाही. तिच्यापुढे ‘-आय’ जोडले की पुसण्याआधी ती विचारते. प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या ‘सुडो’ने सुरू होणारी ओळ समजून घेतल्याशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून चालवू नये.

बाकी पाठांतराची गरज नाही. ‘मॅन’ लिहून पुढे कमांडचे नाव दिले की तिची पूर्ण माहिती उघडते. क्यू दाबल्यावर ती बंद होते. ही पाने रुक्ष असतात, पण ती वाचायला शिकणे हेच खरे शिक्षण.

कमांड लाइनचे खरे बळ पाइपमध्ये आहे. एका कमांडचे उत्तर थेट दुसरीच्या हाती देणाऱ्या उभ्या रेघेला पाइप म्हणतात. डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आली. समजा, ‘गावे’ नावाच्या फाइलीत वाचनालयाच्या प्रत्येक सभासदाचे गाव एकेका ओळीत लिहिले आहे, आणि कोणत्या गावचे किती सभासद ते हवे आहे. त्यासाठी एवढी ओळ पुरते:

सॉर्ट गावे | युनिक -सी | सॉर्ट -एनआर

पहिली ‘सॉर्ट’ सारखी नावे एकाखाली एक आणते. हे आवश्यक आहे, कारण ‘युनिक’ला फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखता येतात. ‘-सी’मुळे ती प्रत्येक नावाआधी संख्या लिहिते, आणि शेवटची ‘सॉर्ट’ मोठ्या संख्येपासून उतरता क्रम लावते. यादी चाळीस नावांची असो वा चार लाखांची, ओळ तीच.

मराठी मजकुरावर काम करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते. फक्त ‘मराठी’ हा शब्द असलेल्या एका ओळीच्या फाइलीवर ‘डब्ल्यूसी -सी’ चालवले तर १६ बाइट दिसतात, तर ‘-एम’ने ६ चिन्हे. यात ओळ संपल्याची खूणही धरलेली असते.

सरावासाठी जुना संगणक चालतो. उबंटू पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता, चालवून पाहता येते. विंडोज १० आणि ११ मध्येही लिनक्सचे टर्मिनल घेण्याची सोय आहे. इंग्रजीची अडचण असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठी आवाजात विनामूल्य उपलब्ध केले आहेत.