लोखंड आणि पाऊस (भाग ६) : कुलुपातला ओलावा

विहिरीवरच्या पंपांबद्दलचा गेल्या आठवड्यातला भाग वाचून बोर्डीकडच्या एका वाडीवाल्यांनी विचारलं, "पंप उघड्यावर असतो, तो गंजणारच. पण बंदूक लोखंडी कपाटात, कुलुपात असते. तिला गंज कसा चढतो?"

हा प्रश्न आमच्याही घरात येऊन गेला आहे. चिकूच्या वाडीच्या राखणीसाठी काकांकडे परवान्याची बारा बोअरची दुनळी होती. एका जूनमध्ये त्यांनी ती पुसली, चामड्याच्या पेटीत घातली आणि कपाट बंद केलं. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढली, तर नळीवर जिथे जिथे चामडं टेकलं होतं तिथे तपकिरी पुरळ उठलं होतं. तेलाच्या चिंदीने पुसल्यावर रंग गेला, पण नख फिरवलं की ते अडकायचं. गंजाने लोखंड खाल्लं होतं, खड्डे पडले होते.

चूक पेटीची होती. चामडं कमावताना त्यात क्षार आणि आम्लं जातात, आणि ते हवेतलं पाणी धरून ठेवतं. बंदुकीला सगळ्यात वाईट अंथरूण हेच. फ्लॅनेल, फोम, गोधडीचं जुनेर यांचीही तीच गत. बंदूक प्रवासात पेटीत असावी, मुक्कामाला नको.

आता कपाटाकडे येऊ. दार लावलं की पाऊस बाहेर राहतो, पण पावसाळी हवा आत कोंडली जाते. अर्धा घनमीटर पोकळीचं कपाट घ्या. दुपारी ३० अंशांना आणि ८५ टक्के आर्द्रतेला त्या हवेत सुमारे १३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. पहाटे कपाट २५ अंशांवर उतरलं, तर तेवढ्या हवेत साडेअकरा ग्रॅमच मावतं. उरलेलं पाणी सगळ्यात थंड पृष्ठभाग शोधतं, आणि तो म्हणजे पोलाद. शिवाय दाराच्या फटीतून आणि मागच्या बोल्टच्या भोकांतून रोज नवी ओल आत येतच असते. ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की गंजाचा वेग झपाट्याने वाढतो. म्हणून कपाटात ५० च्या आसपास आकडा ठेवायचा.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणूत आणखी एक शत्रू आहे. चिखले, नरपड, घोलवड या किनाऱ्यावर वाऱ्यासोबत मिठाचे कण येतात आणि नळीवर डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाणी पिऊन विरघळू लागतं. समुद्री मिठातला मॅग्नेशियमचा क्षार तर ३३ टक्क्यांनाच. म्हणजे जुलैमध्ये बंदुकीवर खाऱ्या पाण्याचा पातळ लेप चोवीस तास असतो. तलासरी समुद्रापासून आत आहे, तिथे मीठ कमी. त्या बाजूचा घोर वेगळा आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले आणि कितीतरी घरांच्या भिंतींना तडे गेले. त्या तड्यांतून पावसाची ओल झिरपते. अशा भिंतीला पाठ टेकलेलं कपाट आतून घामेजतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली लाकडी ठोकळे द्या. बोल्टने जखडायचंच असेल तर आतल्या कोरड्या भिंतीला.

तलासरीच्या पाड्यांवर कमरेच्या आकडीतला कोयता बघा. तो पावसात भिजतो, पण रोज दगडावर घासला जातो, रात्री चुलीच्या उबेला येतो. त्यामुळे त्याचा गंज वरवरच राहतो, खोल जात नाही. बंदुकीला ना वापर, ना ऊब. २०१६ च्या शस्त्र नियमांनी ती घरात सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकली आहे, त्यामुळे कुलूप हवंच. मग ऊब आणि देखरेख आपणच पुरवायची.

ही देखरेख पावसाच्या आधीच सुरू व्हायला हवी. २०२४ सालीच पाहा. पालघरचं मतदान २० मेला, मतमोजणी ४ जूनला. ज्यांच्या बंदुका निवडणुकीच्या काळापुरत्या जमा करून घेतल्या होत्या, त्या परत आल्या मृगाच्या तोंडावर. आलेली बंदूक तशीच कपाटात ठेवू नये. आधी रिकामी असल्याची खात्री करा, गजाने नळी आतून पुसा, मग बाहेरून. बोटांच्या घामातही मीठ असतं, म्हणून पुसल्यावर नळी कोरड्या कापडानेच धरा. पाणी हटवणारा फवारा वापरलात तर तो बराचसा उडून जातो. त्यावर बंदुकीच्या तेलाचा पातळ हात हवाच. खोबरेल तेल नको, ते खवटतं आणि आम्ल होतं. तेल थबथबलं तर ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं.

कपाटात ठेवायला अर्धा किलो सिलिका जेल आणा, नारिंगी मण्यांचं. निळ्या मण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघराच्या आसपास नको. नारिंगी मणी हिरवे झाले की स्वयंपाकाला न वापरायच्या कढईत, १२० अंशांच्या आसपास, मंद आचेवर सुकवायचे. तांदळाच्या पुरचुंडीने काही होत नाही, आणि मिठाची ठेवलीत तर घात. काही घरांत कपाटात झिरोचा बल्ब लावतात. तीन अंशांची ऊब ८५ टक्क्यांची आर्द्रता ७१-७२ वर आणते, म्हणजे एकट्या बल्बाने भागत नाही. वायर पक्की हवी, आणि काडतुसं तिथे नकोतच, ती वेगळ्या कुलुपात.

काहीशे रुपयांचा आर्द्रतामापकही घ्या, पण आधी त्याची परीक्षा करा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा आणि मापकासोबत बंद बरणीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ च्या जवळ दिसला तर मापक खरा.

त्या दसऱ्यानंतर काकांनी चामड्याची पेटी माळ्यावर टाकली. पुढच्या पावसाळ्यात दर रविवारी ते कपाट उघडायचे, मापक बघायचे, नळीवरून चिंदी फिरवायचे आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने आकडा लिहायचे. जूनमध्ये ७४, मग ६३, मग ५५, आणि श्रावणात मणी सुकवायला उशीर झाला तेव्हा पुन्हा ६८. दसऱ्याला दुनळी पाटावर आली. मी नळीवर नख फिरवलं. जुने खड्डे होते तिथेच होते. नवा एकही लागला नाही.