न्यूयॉर्कचा को-ऑप म्हणजे आपली सोसायटी नव्हे

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स आपल्या लोकांना ठाऊक असतं ते 74व्या रस्त्यावरच्या किराणा आणि साड्या-सोन्याच्या दुकानांमुळे. तिथून थोडं पुढे गेलं की विटांच्या जुन्या इमारती लागतात आणि त्यांच्या मधोमध बागा, ज्यांचा रस्त्यावरून पत्ताही लागत नाही. 1909 मध्ये क्वीन्सबरो पूल झाला, 1917 मध्ये डोक्यावरून धावणारी रेल्वे आली आणि क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथल्या शेतजमिनीवर मध्यमवर्गासाठी वसाहत उभारली. 1993 पासून ती ऐतिहासिक वस्ती म्हणून संरक्षित आहे. इथला वन बीएचके घ्यायला निघालेल्या मराठी जोडप्याला, आणि पुण्याहून व्हिडिओ कॉलवर सल्ले देणाऱ्या त्यांच्या आईबाबांना, हमखास वाटतं की को-ऑप म्हणजे आपली हाउसिंग सोसायटीच. घोळ तिथूनच सुरू होतो.

को-ऑपमध्ये फ्लॅट विकत मिळतच नाही. इमारत एका कंपनीच्या मालकीची असते. तुम्ही त्या कंपनीचे शेअर घेता आणि त्याबरोबर तुमच्या फ्लॅटचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा मिळतो. कल्पना आपल्याला परकी नाही. गावदेवीची सारस्वत सोसायटी 1915 मध्ये याच धर्तीवर उभी राहिली आणि कागदोपत्री आपल्याकडच्या अनेक सोसायट्यांतही जमीन आणि इमारत संस्थेचीच असते. आपण ते सोयीस्करपणे विसरलो आहोत. न्यूयॉर्कमध्ये ते पदोपदी आठवून दिलं जातं.

'किंमत कमी आहे, पण मेंटेनन्स केवढा! कमिटी खात असणार,' हा आपला आवडता निष्कर्ष. तिथल्या मेंटेनन्समध्ये हिवाळ्यातलं हीटिंग, पाणी, कर्मचाऱ्यांचे पगार, सगळ्या इमारतीचा मालमत्ता कर आणि अनेकदा इमारतीवरच्या कर्जाचा हप्ताही असतो. हे कर्ज जाहिरातीत सहसा दिसत नाही. समजा, कंपनीचे एकूण 40,000 शेअर आहेत आणि तुमच्या फ्लॅटला 400, म्हणजे 1 टक्का. कंपनीवर 40 लाख डॉलरचं कर्ज असेल तर त्यातले 40,000 डॉलर तुमच्याच डोक्यावर आहेत, बँकेकडून स्वतः काढलेलं कर्ज वेगळंच. आपल्याकडच्यासारखे सगळ्यांना सारखे शेअर नसतात. आकार, मजला, उजेड पाहून ते ठरवलेले असतात. म्हणून वरच्या मजल्यावरच्या हुबेहूब तशाच फ्लॅटचा मेंटेनन्स जास्त असू शकतो. शिवाय कर आणि कर्ज सगळ्या इमारतीच्या नावावर असल्याने शेजाऱ्याने पैसे थकवले की झळ तुम्हालाही बसते. कमिटी खरेदीदाराचे खिसे तपासते ती उगाच नव्हे.

आणि तपासते म्हणजे किती! इन्कम टॅक्सची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, नोकरीचं पत्र, ओळखीच्यांची शिफारसपत्रं आणि वर मुलाखत. 'पैसे मोजतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणतील?' म्हणू शकतात, तेही कारण न देता. महाराष्ट्रात सहकार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तिथे असं संरक्षण नाही. वंश, धर्म, मूळ देश यांवरून नाकारणं मात्र बेकायदा आहे. सुरुवातीच्या काळात याच वस्तीत ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना दारं बंद होती, हे लक्षात ठेवलेलं बरं. कारण सांगायचंच नाही म्हटल्यावर भेदभाव सिद्ध कसा करायचा? माझ्या मते या व्यवस्थेतलं सर्वांत आक्षेपार्ह कलम हेच.

ऐतिहासिक वस्तीबद्दलची भीती मात्र उलट्या दिशेची. 'हेरिटेज आहे, खिळासुद्धा ठोकता येणार नाही.' शहराच्या लँडमार्क्स आयोगाचं लक्ष मुख्यतः इमारतीच्या बाह्यरूपावर असतं. फुटलेली काच बदलायला किंवा आहे तोच रंग पुन्हा द्यायला परवानगी लागत नाही. अख्खी खिडकी बदलायची तर लागते आणि अर्जावर इमारतीचा मालक म्हणून को-ऑपची सही लागते. आधीच्या माणसाने परवानगीशिवाय खिडक्या बसवल्या असतील तर ते लचांड इमारतीच्या गळ्यात येतं आणि तिथून तुमच्या.

आतल्या कामात आडवा येतो तो आयोग नव्हे, को-ऑपच. स्वयंपाकघर सरकवून खालच्यांच्या बेडरूमवर आणायला बहुतेक ठिकाणी सक्त मनाई असते, गळतीची भीती. लाकडी फरशीवर किती भाग गालिच्याने झाकायचा आणि कामगारांनी किती वाजेपर्यंत ठोकाठोक करायची, याचेही नियम सापडतात.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज शेवटी राहिला: 'परत भारतात आलो तर भाड्याने देऊ.' आपल्याकडे सोसायटीला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत ना-भोगवटा शुल्क भरलं की भाडेकरू ठेवता येतो. को-ऑपमध्ये पोटभाडेकरूलाही कमिटीची संमती लागते. कुठे मोजकी वर्षंच मुभा असते, कुठे आधी काही वर्षं स्वतः राहावं लागतं, कुठे साफ बंदी. विकताना काही ठिकाणी कंपनीला हस्तांतर शुल्क द्यावं लागतं ते वेगळं. हे सगळं भाडेपट्ट्यात आणि नियमावलीत लिहिलेलं असतं. तुमचा वकील त्याबरोबर कमिटीच्या सभांची इतिवृत्तंही वाचतो. छत गळतंय का, बॉयलर कधी बदलायचाय, कर्जाची मुदत कधी संपतेय, ते तिथेच कळतं.