पाण्याचा आरसा आणि वटवाघळाचे कान

वाचकहो, दिवेलागणीच्या वेळी वारा पडला की आपल्या शेततळ्याच्या काठी घटकाभर उभे राहून पाहा. लहान लहान वटवाघळे पाण्याला चाटून गेल्यासारखी झेपावताना दिसतील. काही पाणी पितात, काही पाण्यावरचे किडे टिपतात. एवढ्या अंधारात त्यांना पाणी कोठे आणि किडा कोठे हे कसे बरे कळत असेल?

1793 साली इटलीतील स्पालान्झानी या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की आंधळे केलेले वटवाघूळही कोठे न धडकता उडते. पुढे कान बंद केल्यावर मात्र ते धडपडू लागले. याचे कोडे 1938 मध्ये अमेरिकेत ग्रिफिन यांनी यंत्राच्या साह्याने उलगडले. वटवाघूळ उडताना सारखे ओरडते, पण तो आवाज इतका बारीक असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. समोरच्या वस्तूवरून आलेल्या प्रतिध्वनीवरून त्याला ती वस्तू कळते.

आता पाण्याची गंमत पाहा. सेकंदाला 50,000 कंपने असलेल्या आवाजाची लाट हवेत जेमतेम 7 मिलिमीटर लांब असते. तिच्या मानाने नांगरलेले रान किंवा गवत फारच खडबडीत. तेथे आवाज चहूकडे विखुरतो, सगळीकडून प्रतिध्वनी येतात आणि भरल्या बाजारात एकाची हाक हरवावी तसा किड्याचा प्रतिध्वनी हरवतो. संथ पाणी मात्र आरशासारखे. तिरका पडलेला आवाज ते पुढे ढकलून देते, मागे येऊ देत नाही. फक्त थेट खालून उत्तर येते. पुढे शांत आणि खाली उत्तर, हीच वटवाघळाची पाण्याची खूण.

या शांततेत पाण्यावर एखादा किडा बसला तर तो आवाज सर्व बाजूंना उधळतो आणि त्यातला काही वटवाघळाकडे परत येतो. शिवाय पाण्यावर आपटून किड्यावर गेलेला आणि किड्यावरून पाण्यावर आपटून आलेला आवाजही त्यात मिळतो. म्हणून पाण्यालगतचा किडा अधिक लांबून कळतो. 2001 मध्ये जर्मन संशोधकांनी वटवाघळांपुढे अळ्या ठेवून हे ताडून पाहिले. गुळगुळीत पृष्ठभागावरच्या अळ्या त्यांना सहज सापडल्या, खडबडीत चटईवरच्या सापडणे अवघड गेले.

घरी मुलांना हे दाखवायचे असेल तर अंधाऱ्या खोलीत आरसा आडवा ठेवून त्यावर ज्वारीचा एक दाणा ठेवा आणि बॅटरीचा झोत तिरका सोडा. बॅटरीमागून पाहिले तर आरसा काळा दिसेल, दाणा तेवढा चमकेल. तोच दाणा मातीवर ठेवला तर शोधावा लागेल. प्रकाशाचे जे, तेच आवाजाचे.

हा आरसा कधी फसवतोही. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जमिनीवर आडवा ठेवलेला गुळगुळीत पत्रा पाणी समजून वटवाघळे पुन्हा पुन्हा पिऊ पाहत होती! उभी काच असली तर समोरून आवाज परत येत नाही. मोकळी वाट समजून ती तिच्यावर आदळतात.

आपल्याला यातून काय घ्यायचे? ही वटवाघळे रात्रभर किडे खातात, त्यांत पिकांवरचे पतंगही असतात. तेव्हा शेततळ्याचा थोडा तरी भाग शेवाळ आणि पाणवनस्पतींपासून मोकळा ठेवा, म्हणजे आरसा शाबूत राहील. पाण्यावरून आडव्या तारा ओढू नका. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याची कड फार निसरडी असते, पडलेला जीव वर येऊ शकत नाही. काठाला बांधून जाड दोराची जाळी पाण्यात सोडून ठेवा. वटवाघळालाच काय, एखादे वेळी आपल्या लेकरालाही तिचाच आधार होईल. एक मात्र ध्यानात ठेवा, पडलेले वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नका. ते चावते, आणि चाव्यातून रोग येऊ शकतो.

आज संध्याकाळी काठावर जाल तेव्हा मुलांनाही सोबत न्या. पाणी संथ असेल तर वटवाघळे आलेलीच असतील.