स्वाभिमान कशास म्हणावें ?

"स्वाभिमान" हा शब्द आपण सर्वच वारंवार उच्चारतों. वर्गांत शिक्षकांनीं चूक दाखविली म्हणजे मुलगा म्हणतो, "माझा अपमान झाला." कचेरींत साहेबांनीं कागद दुरुस्तीसाठीं परत पाठविला म्हणजे कारकून म्हणतो, "येथें स्वाभिमानी माणसानें राहूं नये." घरीं मुलानें वेगळें मत दिलें म्हणजे वडील म्हणतात, "आमचा मान राहिला नाहीं." या तिन्ही ठिकाणीं जो दुखावला तो खरोखर स्वाभिमानच काय, हा प्रश्न आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

मान, गर्व व स्वाभिमान या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. मान दुसरा देतो, आणि दुसराच तो काढून घेतो. गर्वास उभें राहावयास दुसऱ्याची पाठ लागते. कोणास तरी आपल्याहून हलकें लेखल्यावांचून त्याचें चालत नाहीं. स्वाभिमान म्हणजे आपलें काम व आपलें वचन यांविषयीं आपल्याच मनानें दिलेली साक्ष. ही साक्ष लबाडीनें मिळवितां येत नाहीं, कारण हा साक्षीदार प्रत्येक कृत्याच्या वेळीं हजर असतो. नुसत्या व्याख्येनें मनाचें समाधान होत नाहीं, म्हणून तीन उदाहरणें देतों. पहिलें अमेरिकेंतील, दुसरें कलकत्त्याचें व तिसरें आपल्या मुंबईचें.

बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म गुलामगिरींत झाला. गुलामगिरी नष्ट झाल्यावर, इ. स. १८७२ मध्यें, शिक्षणाच्या ओढीनें ते लांबचा प्रवास करून हॅम्प्टन येथील शाळेंत आले. अंगावरचे कपडे मळलेले, खिसा रिकामा. मुख्य शिक्षिकेनें त्यांस प्रश्न विचारले नाहींत. शेजारची खोली झाडावयास सांगितलें. "मी शिकावयास आलों, झाडावयास नव्हे," असें म्हणून ते परत फिरले नाहींत. त्यांनीं ती खोली तीन वेळां झाडली व चार वेळां पुसली. शिक्षिकेनें आपला हातरुमाल भिंतींवरून व लांकडी सामानावरून फिरवून पाहिला. त्यास धुळीचा कण लागला नाहीं, आणि त्यांस प्रवेश मिळाला. पुढें १८८१ मध्यें टस्केगी येथील शाळेचे ते प्रमुख झाले. काम हलकें नसतें. तें हलकेपणानें केलें म्हणजे मात्र करणारा हलका होतो.

परंतु स्वाभिमान म्हणजे सांगितलें तें निमूटपणें करणें, एवढाच अर्थ कोणी घेऊं नये. जगदीशचंद्र बोस १८८५ मध्यें कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवूं लागले. त्या काळीं हिंदी प्राध्यापकास युरोपियन प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश वेतन मिळे. आणि बोस यांची नेमणूक हंगामी म्हणून त्यांस त्याच्याहि निम्मेंच देऊं केलें. त्यांनीं भांडण मांडलें नाहीं, कॉलेजहि सोडलें नाहीं. तीन वर्षें त्यांनीं वेतनास हात लावला नाहीं, आणि शिकविण्यांत मात्र कसूर केली नाहीं. वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या व्रताची किंमत कळते. शेवटीं सरकारनें त्यांची नेमणूक कायम करून मागील वर्षांचें पुरें वेतन त्यांस दिलें. त्यांचें काम चोख नसतें तर त्यांच्या नकारास वजन आलें नसतें.

तिसरें उदाहरण घरच्या जीवनांतील आहे. मुंबईच्या रखमाबाई यांचें लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षीं झालें. पुढें पतीच्या घरीं नांदावयास जाण्याचें त्यांनीं नाकारलें, तेव्हां पतीनें १८८४ मध्यें दावा लावला. १८८७ मध्यें न्यायालयानें निकाल दिला कीं, त्यांनीं पतीकडे जावें, नाहींतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. ज्या लग्नास आपली संमति नव्हती तें पाळण्यापेक्षां आपण तुरुंग पत्करूं, असें रखमाबाईंनीं सांगितलें. सर्व देशभर गवगवा झाला. १८८८ मध्यें पतीस दोन हजार रुपये देऊन तंटा मिटला. नंतर त्या लंडन येथें वैद्यकी शिकल्या, १८९४ मध्यें डॉक्टर झाल्या, आणि परत येऊन सुरत व राजकोट येथें अनेक वर्षें स्त्रियांची सेवा करीत राहिल्या. लोकांच्या निंदेस उत्तर त्यांनीं आयुष्यभराच्या कामानें दिलें.

या तिघांच्या वागण्यांत तीन खुणा सारख्या दिसतात. आपल्या वांट्याचें काम त्यांनीं उत्तम केलें. नकाराची किंमत दुसऱ्यावर न लादतां स्वतः मोजण्याची तयारी ठेविली. आणि आपण उंच दिसावें म्हणून कोणास खालीं ढकललें नाहीं. आपला स्वाभिमान दुखावला असें जेव्हां वाटेल, तेव्हां या तीन खुणा लावून पाहाव्या. ज्याचें काम अर्धवट आहे व ज्यास झळ सोसावयाची नाहीं, त्याचा दुखावलेला भाग बहुधा गर्वच असतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रत्येकास तीन वर्षें वेतनावांचून राहतां येत नाहीं. घरीं चार तोंडें खाणारीं आहेत म्हणून जो बाप मालकाचे कठोर शब्द गिळून कामावर जातो, त्यास स्वाभिमानशून्य म्हणण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. मुलांनो, तुमची फी अशाच गिळलेल्या शब्दांतून येत असेल. मात्र मालकासाठीं खोटा हिशेब लिहिणें किंवा खोटी सही करणें हें निराळें. कठोर शब्द ऐकून घेतल्यानें माणूस लहान होत नाहीं. खोट्यास हात दिल्यानें होतो.

विद्यार्थ्यांस हें रोजच्या व्यवहारांत शिकतां येतें. दुसऱ्याची वही पाहून मिळविलेल्या ऐंशी गुणांपेक्षां स्वतःच्या मेहनतीचे पन्नास गुण घेऊन घरीं जाणारा मुलगा मान वर करून चालतो. जुनीं पुस्तकें वापरणें किंवा फीची सवलत घेणें यांत लाज नाहीं. गरिबी लपविण्यासाठीं थापा मारण्यांत आहे. चूक झाली असतां "चुकलों" म्हटल्यानें स्वाभिमान जात नाहीं, उलट तो तेथूनच बळावतो. आणि शाळेचा पट्टेवाला किंवा झाडणारी बाई यांस अहो-जाहो म्हणणें, ही त्याची सोपी कसोटी आहे.

आईबापांसहि आमची विनंती आहे. पाहुण्यांदेखत मुलास मूर्ख म्हणूं नये. शेजारच्या मुलाचे गुण त्याच्यापुढें मोजून दाखवूं नयेत. रागें भरावयाचें असेल तर एकांतांत भरावें, आणि तें त्याच्या कृत्यावर, त्याच्या जातीवर, रूपावर किंवा बुद्धीवर नव्हे. त्यास झेपेल असें एखादें घरकाम पूर्णपणें त्याच्यावर सोंपवावें, मग तें बाजारहाट असो कीं झाडांस पाणी घालणें असो. आणि तें नीट झालें म्हणजे तसें त्यास सांगावें. "हें मीं केलें व चांगलें केलें," असें ज्यास लहानपणीं म्हणतां आलें, तो पुढें कोणाच्या स्तुतीचा भुकेला होत नाहीं, व कोणाच्या निंदेनें मोडतहि नाहीं.

शाळा पुस्तकी विद्या देऊं शकते व प्रमाणपत्रहि देऊं शकते. परंतु स्वाभिमान प्रमाणपत्राबरोबर वांटतां येत नाहीं. तो ज्याचा त्यानें, रोजच्या लहानसहान कामांतून, थोडा थोडा सांठवावयाचा असतो.