कंपनीच्या गेटवरचं पिल्लू घरी आणताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पावसाळा सरला की चाकण एमआयडीसीत, भोसरीच्या वर्कशॉपांमागे, मोशी-चिखलीच्या नव्या बांधकामांवर कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. सिक्युरिटी केबिनमधले गार्ड त्यांना डब्यातली पोळी घालतात आणि पाळी सुटल्यावर एखादा कामगार एक पिल्लू घरी घेऊन जातो. ही माया खरी असते. पण पुढे ते भित्रं निघालं, अंगावर धावू लागलं, की त्याला पुन्हा रस्त्यावर सोडलं जातं. दोष बहुतेक वेळा पिल्लाचा नसतो. सुरुवातीच्या आठवड्यांत आपण ज्या समजुतींवर विसंबलो, त्या चुकीच्या असतात.

गैरसमज १: पिल्लू जितकं लहान आणाल, तितका जास्त लळा लागतो.

वस्तुस्थिती: आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच पिल्लू दात किती लावायचे हे शिकतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ थांबतो. हा धडा माणसाला तितका नीट देता येत नाही. म्हणून किमान 8 आठवडे त्याला आईजवळ राहू द्यावं. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताही येत नाही. गेटवरच्या पिल्लाला तोच नियम लावा. आई गाडीखाली गेली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शक्यतो भावंडं एकत्र ठेवा आणि लगेच पशुवैद्यांना दाखवा.

गैरसमज २: सगळी इंजेक्शनं होईपर्यंत पिल्लाला बाहेरचं जग दाखवायचं नाही.

वस्तुस्थिती: पार्व्होची भीती रास्त आहे. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लांचे जीव घेतो. पण दुसरं घड्याळही चालू असतं. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास करून 1965 मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या गोष्टी सहज आपल्याशा करतं. त्यानंतर अनोळखी गोष्टीची भीती वरचढ होऊ लागते. लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्याच्या आसपास संपतात. तोवर कोंडून ठेवलं तर ही वेळ हातची जाते. पहिला डोस आणि जंताचं औषध झालं की किमान 7 दिवसांनी काळजीपूर्वक सुरुवात करावी, असं प्राणिवर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलं आहे.

म्हणजे पिल्लाला उकिरड्यावर किंवा भटक्या कुत्र्यांच्या जागेवर खाली ठेवायचं नाही, पण कडेवर घेऊन जग दाखवायचं. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, गणवेशातला वॉचमन, काठी टेकत चालणारे आजोबा, शाळेतून सुटलेली मुलं, लिफ्टचं दार, रिक्षा, सगळं त्याला या वयात दिसायला हवं. लस घेतलेल्या निरोगी, शांत कुत्र्याची ओळखही घरातच करून देता येते.

गैरसमज ३: गोंगाटात नेऊन सोडलं की आपोआप सवय होते.

वस्तुस्थिती: होते ती सवय नव्हे, दहशत. नाशिक हायवेवरच्या कंटेनरचा हॉर्न, प्रेस शॉपचा दणका, ढोल-ताशा, दिवाळीचे फटाके हे आपल्या पट्ट्यातले रोजचे किंवा दरवर्षीचे आवाज आहेत. त्यांची ओळख लांबून, हळू आवाजात आणि खाऊसोबत करून द्यावी. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा, पिल्लू निवांत खात असेल तरच दिवसागणिक थोडा वाढवा. शेपूट पायांत गेली, कान मागे पडले, ते सारखं ओठ चाटू लागलं किंवा उगाच जांभया देऊ लागलं, तर ते घाबरलं आहे. तिथून लांब न्या. किती गोष्टी दाखवल्या याला महत्त्व नाही. त्या पाहताना पिल्लू निर्धास्त होतं का, याला आहे.

गैरसमज ४: मालक कोण हे फटका देऊनच कळतं.

वस्तुस्थिती: ही समजूत लांडग्यांच्या कळपात दादागिरी चालते या कल्पनेवर उभी आहे. ती कल्पना मुख्यतः पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. डेव्हिड मीच यांनी मोकळ्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. मार खाल्लेलं पिल्लू हाताला भितं आणि भीतीपोटीच पुढे चावतं. ‘बस’ म्हटल्यावर बसलं की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा द्या. एका वेळी दोन-तीन मिनिटंच शिकवा आणि घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा.

गैरसमज ५: घरात शी-शू केली की नाक घासायचं, मग कळतं.

वस्तुस्थिती: त्यातून एवढंच कळतं की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे, मग ते कपाटामागे जाऊन करतं. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन-तीन तास कळ काढू शकतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर ठरलेल्या जागी न्या आणि तिथे केलं की लगेच कौतुक करा. घरातले दोघेही पाळीवर जात असतील, तर पहिले काही महिने दुपारी येणारं माणूस आधी ठरवा. दिवसभर साखळीला बांधलेलं पिल्लू चांगला राखणदार होत नाही. ते एकटं आणि चिडकं होतं.

गैरसमज ६: गावठी कुत्रं शिकत नाही.

वस्तुस्थिती: उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरून उचललेलं ‘ठेंगा’ नावाचं पिल्लू श्वानपथकासाठी तयार केलं. आपल्या हवेला सरावलेलं हे कुत्रं चपळ आणि तल्लख असतं. त्याला शिकवणारं माणूस मिळत नाही, एवढीच अडचण.

गैरसमज ७: पिल्लाच्या दातांनी रेबीज होत नाही.

वस्तुस्थिती: होऊ शकतो. दात येताना, साधारण सातव्या महिन्यापर्यंत, पिल्लू हात-पाय चावत राहतं. ते हिंस्रपणाचं लक्षण नाही. हात काढून घ्या आणि चघळायला खेळणं द्या. पण रस्त्यावरून आणलेल्या, लस न झालेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी पिंपरीच्या वायसीएमसारख्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने नसबंदी करून घ्या आणि महापालिका हद्दीत राहत असाल तर परवानाही काढा.

पिल्लू उचलण्याआधी घरात बसून ठरवा: पहिल्या पाळीला कोण, दुसऱ्या पाळीला कोण, रात्री कोण उठणार. हे जमणार नसेल तर त्याला गेटवरच राहू द्या. तिथे त्याला खाऊ घाला, त्याची लस आणि पुढे नसबंदी करून द्या. आणि जमणार असेल, तर पहिले तीन महिने त्याला मनापासून द्या. पुढची दहा-बारा वर्षं ते तुमच्या घरात आणि सोसायटीत कसं वागेल, याचा पाया याच दिवसांत घातला जातो.