‘तुम्ही मूळचे कुठले?’

अमेरिकेत जन्मलेल्या चिनी, जपानी वंशाच्या माणसालाही हा प्रश्न पदोपदी ऐकावा लागतो. गावाचे नाव सांगितले तरी पुन्हा विचारतात, ‘ते नव्हे, खरे कुठले?’ आडनावावरून जात शोधणारे ज्यांना भेटले आहेत, त्यांना या प्रश्नाचा रोख समजावून सांगायला नको.

चेहऱ्यावरून माणूस परका ठरला की पुढे काय होते? १९८२ साली डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या २७ वर्षांच्या चिनी वंशाच्या तरुणाला दोघा गोऱ्यांनी बॅटने मारले. राग होता जपानी मोटारींवर! चार दिवसांनी तो वारला. मारेकऱ्यांना पुढच्या वर्षी शिक्षा झाली ती प्रोबेशनची आणि ३,००० डॉलर दंडाची. त्याची आई लिली चिन मात्र गप्प बसली नाही. ठिकठिकाणी उभी राहून तिने न्याय मागितला.

आम्ही मात्र गप्प बसलो होतो. मार्च २०२० मध्ये, लोकल बंद होण्यापूर्वी, आमच्या डब्यात मणिपूरच्या एका मुलीला कोणी ‘ए कोरोना’ म्हणाले. डबा हसला. आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो. ती मान खाली घालून पुढच्या स्टेशनावर उतरली. ती सल अजून जात नाही.

तेव्हापासून आम्ही ठरवले आहे. अशा विनोदाला हसायचे नाही. आधी त्या व्यक्तीशेजारी जाऊन उभे राहायचे, तिची विचारपूस करायची. मग बोलणाऱ्याला शांतपणे विचारायचे, ‘तुम्ही असे का म्हणालात?’

एवढे तर आपण प्रत्येकजण करू शकतो.