बायपोलर म्हणजे नागपूरचीच गाडी?

गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या घरात कुणाला बायपोलर डिसऑर्डर असल्याचं निघालं, की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : 'बाहेरचं आहे, आधी पुजाऱ्याला दाखवा.' दुसरा जरा शिकलेल्या पाहुण्यांचा : 'इथं काही होत नाही, नागपूर-मुंबईचा मोठा थेरपिस्ट गाठा.' पहिल्यावर बरंच लिहून झालं आहे. दुसरा शहाणपणाचा वाटतो, म्हणून त्याची उलटतपासणी कुणी करत नाही.

मुळात थेरपिस्ट हे या आजाराचं पहिलं दार नव्हे. निदान करतो आणि औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतो. औषध त्याच्या अखत्यारीत येत नाही. बायपोलरमध्ये दोघेही लागतात, पण आधी औषधानं गाडी रुळावर यावी लागते. ऐन उन्मादात, म्हणजे मॅनियात, असलेल्या माणसाला समुपदेशकासमोर बसवून फारसं काही साधत नाही.

'सकाळी हसतो, संध्याकाळी चिडतो, बायपोलर असेल,' असंही सर्रास ऐकू येतं. पण या आजारात उन्मादाचा झटका साधारण आठवडाभर तरी टिकतो, नैराश्याचा किमान दोन आठवडे. खरी अडचण वेगळीच आहे. रुग्ण डॉक्टरकडे येतो तो बहुतेकदा नैराश्यात. त्याआधी तीन तासांच्या झोपेवर ताजातवाना राहणारा, उधारीवर राईस मिल काढायला निघालेला हा माणूस घरच्यांना आजारी वाटलेलाच नसतो. उलट 'हुशारीत आला' म्हणून कौतुक झालेलं असतं. मग ती हकिकत डॉक्टरला कुणी सांगत नाही. नुसतं नैराश्याचं औषध सुरू झालं, तर काही रुग्ण त्यावर उन्मादात जातात. म्हणून पहिल्या भेटीला घरातलं जुनं जाणतं माणूस सोबत हवंच.

आता 'इथं काही होत नाही' याबद्दल. गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मनोविकारांचा विभाग आलाच. महाविद्यालयाला जोडलेल्या केटीएस रुग्णालयातल्या ओपीडीत चौकशी करायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. देवरी किंवा अर्जुनी मोरगावहून तेही लांबच पडतं, हे खरं. निदान अवघड असेल, दुसरं मत हवं असेल, तर नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा एम्स जरूर गाठावं. पण बायपोलरचा उपचार वर्षानुवर्षं चालतो. दर महिन्याला सव्वाशे किलोमीटरची खेप आणि बुडालेली मजुरी यांत तो तुटतो, आणि औषध मध्येच तुटलं की आजार उलटतो.

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची धास्ती तर पिढीजात आहे. त्या भागातल्या चौकाला लोक आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. 'एकदा आत गेला की सुटत नाही,' ही समजूत मात्र कायद्यानं निकालात काढली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 प्रमाणे सज्ञान रुग्णाला त्याच्या संमतीशिवाय दाखल करायचं, तर एका मनोविकारतज्ज्ञाची आणि आणखी एका डॉक्टरची किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाची स्वतंत्र तपासणी लागते आणि पहिली मुदत जास्तीत जास्त 30 दिवसांची असते. शिवाय तिथं ओपीडीही चालते. बहुसंख्य रुग्ण दाखवून त्याच दिवशी घरी परततात.

बायपोलरवरच्या लिथियम या औषधाबद्दलचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा गुण दाखवून दिला. लिथियम ही झोपेची गोळी नव्हे, ते व्यसनही लावत नाही. पण ते मापात लागतं : रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड वेळोवेळी तपासावं लागतं. मे महिन्यात पहाटेच तेंदूपत्ता तोडायला जंगलात जाणाऱ्या माणसाचं पाणी घामावाटे जातं आणि रक्तातलं लिथियम चढतं. त्यात कंबरदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं, की आणखी चढतं. हात जास्त थरथरू लागले, जुलाब-उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दिवसभर पाणी प्यावं आणि कुणाच्या सांगण्यावरून मीठ एकदम बंद करू नये. मुंबईच्या डॉक्टरला रुग्ण उन्हाळ्यात काय काम करतो हे विचारायचं सुचेलच असं नाही. आपणच सांगावं.

'लग्न लावून द्या, ठीक होईल,' हा सल्ला तर औषधापेक्षा स्वस्त. जागरणं, पाहुण्यांची गर्दी, लपवलेल्या गोळ्या : झटका यायला एवढं पुरतं. लग्नाला मनाई नाही, लपवण्याला आहे. मूल व्हायच्या वयातल्या बाईला याच आजारावरचं व्हॅल्प्रोएट हे औषध सुरू असेल, तर डॉक्टरशी आधीच बोलायला हवं. गर्भाला त्याचा धोका असतो. मात्र गोळी परस्पर बंद करू नये.

औषधानं आजार आटोक्यात आल्यावर थेरपिस्ट शोधावा, तो शहरातला असला तरी चालेल. व्हिडिओ कॉलवर तिरोड्यातूनही बोलता येतं. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, बायपोलरचे रुग्ण पाहिले आहेत का, घरच्यांना सोबत बसवता का आणि औषध देणाऱ्या डॉक्टरशी संपर्क ठेवता का, हे पहिल्याच फोनवर विचारावं. 'औषधं सोडा, मी बरं करतो' असं म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. झोपेची वेळ पाळणं, झटक्याची पहिली चिन्हं ओळखणं, घरात भडका न उडू देणं, हे जो शिकवतो तो कामाचा.

कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रुग्ण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलू लागला, तर मात्र त्याला एकटं सोडू नये आणि नागपूरच्या गाडीची वाट न पाहता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यावं. पोलीस केस होईल म्हणून थांबू नये : 2017 च्या कायद्याच्या कलम 115 नं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचं गृहीत धरून शिक्षेतून वगळलं आहे, आणि उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.